रॉचडेलचे निर्भेळ पीठ

इंग्लंडमधील लँकेशर परगण्यातील रॉचडेल या विणकरांच्या गावी, १८४४ सालच्या २१ डिसेंबरला, आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन पेनी साठवून प्रत्येकी एक पौंड उभा करणाऱ्या २८ सभासदांनी टोड लेनमधील एका वखारीच्या तळमजल्यावर जे सहकारी दुकान उघडले, त्यात पीठ, लोणी, साखर, ओटचे भरड पीठ आणि मेणबत्त्या यांपलीकडे विशेष काही नव्हते. परंतु पावात तुरटी मिसळणे आणि वापरलेली चहाची पाने वाळवून पुन्हा खपवणे हा जेथे सर्रास रिवाज होता, तेथे निर्भेळ माल, पुरते वजन, रोखीचा व्यवहार, सभासदागणिक एकच मत आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, हे दंडक त्यांनी स्वतःवर घालून घेतले. माझ्या मते यांतील रोखीचा दंडक सर्वांत कठोर आणि सर्वांत हितकर होय. कारण उधारीच्या खात्यात जखडलेल्या गिऱ्हाइकाला मालाविषयी तक्रार करण्याचा अधिकारच उरत नाही. पुढे १८५० साली त्यांनी पिठाच्या गिरणीची संस्था काढली. तिचे शुद्ध पीठ काळसर दिसे, आणि भेसळीच्या शुभ्रतेला सरावलेले खुद्द सभासदच नाक मुरडू लागले. तरीही ते कृत्रिम उपायांनी पांढरे करण्यास संस्थेने नकार दिला. सहकाराच्या इतिहासात या नकाराइतका मोलाचा निर्णय मला दुसरा दिसत नाही.