लाकडी लाँचपासून रो-रोपर्यंत : महाराष्ट्र सागरी मंडळाची वाटचाल

17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट काश्याच्या खडकाजवळ वादळात बुडाली. गटारीसाठी गावी निघालेल्यांसह सहाशेहून अधिक प्रवासी दगावले. कायदे तेव्हाही होते. 1917 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बोटीची तपासणी, प्रवासीसंख्येची मर्यादा, सारंगाचा परवाना हे सारे होते. उणीव होती ती धक्क्यावर उभे राहून त्याची अंमलबजावणी करणाऱ्या हातांची.

स्वातंत्र्यानंतर दीर्घकाळ हा भार सरकारी बंदर यंत्रणेने अपुऱ्या मनुष्यबळावर वाहिला. 1996 मध्ये विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि 720 किलोमीटरचा किनारा व 48 लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्वाधीन झाली. नोंदणी, तपासणी, परवाना आणि धक्क्यांची डागडुजी एका छत्राखाली आली. मंडळाचे खरे काम मात्र फारसे कुणाच्या नजरेस पडत नाही: सर्वेक्षक बोटीचा तळ, इंजिन, पंप, अग्निशमनाची साधने आणि लाइफबॉय पाहतो, तेव्हाच किती माणसे बसवायची तो आकडा प्रमाणपत्रावर चढतो. 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात प्रवासी लाँच बंद ठेवण्याचा नियमही दरवर्षी मालकांची कुरकुर सोसून पाळला जातो.

नोव्हेंबर 2008 मध्ये अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि सुरक्षा हा शब्द वादळापुरता उरला नाही. सागरी पोलिसांची गस्त वाढली. तिचा प्रत्यय 14 मार्च 2020 रोजी मांडव्याजवळ आला. तेथे बुडणाऱ्या बोटीतील सर्व 88 जणांना वाचवण्यात गस्ती नौकेवरील पोलिसांचा वाटा मोठा होता. दुसऱ्याच दिवशी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. लाकडी लाँचच्या खाडीत मोटारी वाहणारे मोठे जहाज आले.

2021 मध्ये संसदेने 1917 चा कायदा मोडीत काढून अंतर्देशीय जलयानांसाठी नवा कायदा केला. नोंदणी देशभर ग्राह्य धरली गेली, बोटींची केंद्रीय नोंद आली.

तरीही 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचे प्राण गेले. धडकेचे कारण वेगळे होते. पण ‘नीलकमल’वर परवान्यातील 84 प्रवाशांपेक्षा अधिक माणसे होती, हेही उघड झाले. प्रमाणपत्रावरचा आकडा फळीवरून बोटीत चढणाऱ्यांना लागू झाला नव्हता. मंडळाने परवान्यावर कारवाई केली. लाइफ जॅकेट बोटीत असणे पुरेसे राहिले नाही, ते प्रवाशाच्या अंगावर असणे सक्तीचे झाले.

गेटवे ऑफ इंडियावरील बोटप्रवाशांच्या गर्दीचा ताण कमी व्हावा म्हणून रेडिओ क्लबजवळ नव्या प्रवासी जेट्टीचे काम मंडळाने 2025 मध्ये हाती घेतले. स्थानिक रहिवाशांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. उच्च न्यायालयाने अटी घालून काम पुढे जाऊ दिले.