कोर्टाच्या दप्तरातला कामगार

22 जुलै 1908 रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लोकमान्यांच्या खटल्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने छापला गेला. परंतु त्या दंगलीत धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेल्या कामगारांची नावे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहेत?

आम्हां कामगारांचा इतिहास बखरीत नाही. तो जबानीत, पंचनाम्यात आणि निकालपत्रात आहे. तो मिळविण्यास पदवी लागत नाही. कोर्ट, साल, पक्षकारांची नावे आणि खटल्याचा नंबर एवढे जुळवावे. नंबर ठाऊक नसल्यास साल धरून नोंदवहीत शोध घेण्याची विनंती करावी. मग नकलेचा अर्ज देऊन फी भरावी. खटल्याशी संबंध नसलेल्याने नक्कल कशासाठी हवी तेही लिहावे.

मात्र विलंब करू नये. जुनी दप्तरे नष्ट करण्याविषयी नियम करण्याचा अधिकार 1917 च्या कायद्याने उच्च न्यायालयांना दिला. आमच्या संघटनेच्या एका जुन्या खटल्याची नक्कल मागावयास आम्ही उशिरा गेलो. निकाल मिळाला, साक्षीदारांचे शब्द गेले होते.

श्रोतेहो, घरात एखादे जुने समन्स असेल, तर त्यावरचा नंबर आज रात्रीच उतरून ठेवा.