डबा

डबा (पुल्लिंगी, अनेकवचन डबे) : सामान भरून ठेवण्याचे, सहसा झाकणाचे भांडे. पितळी, पत्र्याचा, स्टीलचा, प्लास्टिकचा, कशाचाही असू शकतो.

मराठीने हा शब्द तिन्ही लिंगांत चालवला आहे. पिठाचा किंवा पोह्यांचा तो डबा, हिंगाची किंवा तपकिरीची ती डबी आणि पोचे पडून गंजलेले ते डबडे. लिंग बदलले की आकार बदलतो, पतही बदलते. रस्त्यात बंद पडणाऱ्या मोटारीला मालकही चिडून 'डबडं' म्हणतो. तिला 'डबी' म्हणण्याइतकी माया तेव्हा उरलेली नसते.

हॉब्सन-जॉब्सन या १८८६ सालच्या कोशात 'डबर' अशी नोंद आहे : म्हशीच्या कातड्याचे, तूप-तेल वाहून नेण्याचे मोठे भांडे. तिचे मूळ तिथे फारसी 'दब्बा'शी जोडलेले आहे. डबाही याच गोतातला मानला, तर आजच्या चकचकीत स्टीलचा पूर्वज कातडी ठरतो. तशा चामडी भांड्याला मराठीत बुधला म्हणत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या आगगाडीला १४ डबे होते. पिठामिठाच्या भांड्याचे नाव माणसे भरलेल्या खोक्याला सहज चिकटले. लोकलच्या गर्दीत उभे राहिलेल्या कोणालाही त्याचे कारण विचारावे लागत नाही.

शब्दाची खरी झेप मात्र जेवणाकडे. 'डबा खाल्लास का?' या प्रश्नात भांडे नाहीच. आहेत त्या पोळी-भाजी आणि कोशिंबीर. परगावी शिकणारा मुलगा 'डबा लावतो', म्हणजे महिन्याच्या बोलीवर कुणाच्या तरी घरचे जेवण सुरू करतो. आजारी माणसाला शेजारून 'डबा जातो'. मुंबईत तर या अर्थावर धंदाच उभा राहिला. डबेवाल्यांच्या व्यवसायाची सुरुवात १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी केली, असे सांगतात. बहुतेक डबेवाले मावळ, खेड, जुन्नर भागांतले. झाकणावर रंगवलेली अक्षरे, आकडे आणि रंग यांवरून स्टेशन, इमारत, मजला कळतो. दुपारी रिकामा डबा त्याच वाटेने घरी परततो.

शेअर बाजाराबाहेर चोरून चालणाऱ्या सौद्यांनाही 'डबा' म्हणतात.

पोरांच्या खेळात पत्र्याचा रिकामा डबा लांब फेकतात. राज्य असलेला तो आणून जागेवर ठेवेपर्यंत बाकीचे लपतात आणि कोणी दिसला की आरोळी उठते, 'डबा ऐसपैस!' यातला 'ऐसपैस' म्हणजे इंग्रजी 'आय स्पाय'. प्रशस्त जागेशी त्याचा संबंध नाही.