पथ्याच्या पानावर काय वाढायचं?

मधुमेहाच्या डॉक्टरांनी साखर, गूळ, बटाटा बंद केला. पुढे क्रिएटिनिन वाढलं तेव्हा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं, डाळ मोजून दिली, केळी नि शहाळं वर्ज्य केलं. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही याद्या एकत्र पाळायला घेतल्या की पानात मूठभर भात आणि उकळून पाणी काढलेली भाजी उरते, आणि सगळं निमूटपणे पाळणारा रुग्णच आधी खंगतो. या कोड्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या डॉक्टरांचं, आहारतज्ज्ञांचं आणि अशा रुग्णाला रोज जेवू घालणाऱ्या घरच्यांचंही इथे स्वागत.

खंगण्याचं कारण कमी जेवण एवढंच नसतं. रक्तातलं आम्ल वाढलं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की स्नायूंतलीच प्रथिनं मोडू लागतात. त्यात शरीरात धुमसणारा दाह. २००८ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या अवस्थेला ‘प्रथिन-ऊर्जा क्षय’ असं वेगळं नाव सुचवलं ते यामुळेच.

तो ओळखताना वजनकाटा फसवतो. स्नायू जातात, पाणी साचतं, आकडा तोच राहतो. अल्ब्युमिनही दाहाने उतरतं, लघवीवाटे जातं, म्हणून एकट्या त्याच्यावर भिस्त नको. कानशिलांतले खळगे, मुठीची पकड, सैल झालेल्या बांगड्या जास्त खरं बोलतात. सगळ्यांत गोड फसवणूक शुगरची. ती आपोआप उतरते, घरचे पेढे वाटायच्या बेतात (तेही मधुमेह्याच्या घरी!). वास्तविक मूत्रपिंड इन्सुलिनचा निचरा पूर्वीसारखा करत नसतं आणि जेवणही घटलेलं असतं. औषधाचा डोस तोच राहिला तर साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते.

खरा घोळ होतो तो डायलिसिस सुरू झाल्यावर. १९६४ मध्ये इटलीच्या जोव्हानेत्ती आणि माज्जोरे यांनी अल्पप्रथिन आहार मांडला, तेव्हा डायलिसिस फार थोड्यांच्या वाट्याला येई. आज डायलिसिसपूर्वी किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिन सुचवतात, डायलिसिसवर १ ते १.२. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४८ ऐवजी ६० ते ७२ ग्रॅम. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिन द्रावणाबरोबर निघून जातं. तरीही फ्रिजवरचा जुना कागद कुणी काढत नाही, आणि ‘डाळ नको’ चालूच राहतं. माझ्या मते या क्षेत्रातलं पहिलं काम तो कागद बदलण्याचं आहे.

शाकाहारी घरात एवढं प्रथिन आणायचं कुठून? डाळी-उसळींतला फॉस्फरस शरीर पुरता शोषत नाही. पाकिटबंद पदार्थांत वरून घातलेलं फॉस्फेट मात्र बहुतांश शोषलं जातं. तेव्हा वरण काढून पाकिटातला खाऊ देणं उफराटं. पोटॅशियमचा हिशेब मात्र सुटत नाही, आणि तो दर रक्ततपासणीला बदलतो. पहिलं प्रकरण त्याच हिशेबाचं आहे.