इंग्लंडांतील विमतवाद्यांचा विधिनिषेधविषयक वाद

इंग्लंडांतील राजमान्य चर्च व प्रॉटेस्टंट विमतवादी यांचा वाद मुख्यतः सिद्धांताचा नसून अधिकाराचा होता, असें आमचें मत आहे. बाप्तिस्म्यांत क्रूसाची खूण, प्रभुभोजनाचे वेळीं गुडघे टेकणें, यांचा बायबलांत विधि नाहीं, निषेधहि नाहीं. म्हणून सुव्यवस्थेसाठीं राजसत्तेनें तीं लावून द्यावीं, हा चर्चचा पक्ष. ईश्वरानें मोकळें ठेविलेलें मनुष्यानें बांधूं नये, हें विमतवाद्यांचें उत्तर. १६६२ च्या एकरूपतेच्या कायद्यानें पहिला पक्ष विजयी झाला. १६६० ते १६६२ पर्यंत सुमारें २,००० धर्मोपदेशक पदांस मुकले. बिशपपद नाकारणाऱ्या रिचर्ड बॅक्स्टर यास फूट नको होती, समावेश हवा होता. १६८९ त त्रैक्य मानणाऱ्या विमतवाद्यांस मिळाली ती केवळ उपासनेची मोकळीक. अधिकारपदांवरील निर्बंध १८२८ पर्यंत कायद्यांत राहिले. सहिष्णुता म्हणजे समता नव्हे, हेंच यावरून सिद्ध होतें.