दोघांची खोली : घर, सराई आणि हॉटेल

दवनीवाड्यात बोलायचे म्हटले की आम्हाला थोडी भीतीच वाटते. बाहेरगावी श्रोते वक्त्याचे फक्त बोलणे ऐकतात. इथे समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी आम्हाला धानाच्या बांधीत, रोवण्याच्या चिखलात पाठीवर पडताना पाहिले आहे. तेव्हा तत्त्वज्ञानाचा आव आणून उपयोग नाही.

आजच्या विषयाचे कारण आधी सांगतो. गेल्या हिवाळ्यात मुलांनी आम्हा दोघांना लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मुंबईला पाठवले. फोर्ट भागातले एक लहान, पण फार महागडे हॉटेल. जुनी इमारत, मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीची सजावट वेगळी. अशा हॉटेलांना हल्ली ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात. दोन रात्री राहिलो, विदर्भ एक्स्प्रेसने गोंदियाला उतरलो, घरी आलो. तर शेजारचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “हाटेलात त च्या पेतेत. झोपाले कायले गेले व्हते?”

आम्ही हसलो, पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की प्रश्न पक्का आहे. आपल्या मराठीत हॉटेल म्हणजे चहा, आलुबोंडा, तर्रीपोहे. जिथे जेवायचे ती खाणावळ. यात्रेकरूने टेकायचे ती धर्मशाळा. आणि ‘लॉज’ म्हटले की आपल्याकडे लोकांच्या भुवया वर जातात; शब्दाला काही दोष नसताना तो बदनाम झालेला आहे. पण नवरा-बायकोने, काही काम नसताना, केवळ एकमेकांबरोबर राहण्यासाठी पैसे देऊन घ्यायची खोली, हिला आपल्याकडे शब्दच नाही. शब्द नाही म्हणजे वस्तू नव्हती का? की गरज नव्हती? एवढाच आजचा प्रश्न. आज ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे, हेही सांगून ठेवतो. निम्मे मुद्दे सौ.चे आहेत आणि त्या समोरच बसल्या आहेत.

आता जरा मागे जाऊ. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शहरातल्या रसिक माणसाच्या, घराचे वर्णन आहे. घर पाण्याजवळ असावे, बाग असावी, निजण्याच्या खोल्या दोन असाव्यात. बाहेरच्या खोलीत मऊ बिछाना, मध्ये जरासा खोलगट, दोन्हीकडे उशा, वर पांढरी चादर. उशाशी लेपनाचे सामान, फुले, विडे. भिंतीत हस्तिदंती खुंटी, तिच्यावर वीणा. चित्र काढायची फळी, कुंचल्यांची डबी, आणि एखादे पुस्तक. कोणते? कोणतेही! ग्रंथकाराला त्याची पर्वा नाही. आमच्या मुंबईच्या खोलीत टेबलावर तीन जाडजूड इंग्रजी पुस्तके मांडली होती, ती कोणी कधी उघडली नव्हती हे पाने पाहून कळत होते. दीड हजाराहून अधिक वर्षे झाली, सजावटीच्या पुस्तकाचे नशीब काही बदललेले नाही.

पण हे वर्णन वाचताना एक गोष्ट सुटते. ती सुंदर खोली नागरकाची आहे. पत्नीचे निजणे आतल्या घरात. म्हणजे खोली होती, पण दोघांची नव्हती.

याच्या उलट आपल्या मातीतला ग्रंथ बघा, हालाची गाथासप्तशती. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा. तिथे राजवाडे थोडे आणि खेडी फार. घर भरलेले, सासू जागी, दीर घरात, आणि संध्याकाळी दाराशी एखादा वाटसरू मुक्कामाला जागा मागतो. जागा कशी मिळते? तर इथे सासूबाई झोपतात, तिथे मी झोपते, असे जमिनीचे वाटप सांगितले जाते. ओसरी हीच सराई. सगळे प्रेम नजरेने, सूचनेने, आडून बोलण्याने चालते, कारण दार बंद करून बोलायची सोयच नाही. आमचे तर असे मत झाले आहे की संस्कृत साहित्यशास्त्राने ध्वनी म्हणून ज्याचा एवढा गौरव केला, आणि उदाहरणांसाठी या गाथांकडे वारंवार वळले, त्याचा थोडा संबंध घरातल्या खोल्यांच्या संख्येशी असावा. विद्वानांना हे पटणार नाही. सौ.ला पटले.

आता आमचेच घर घ्या. लग्न १९७६ सालचे. सपरी, माजघर, धानाची कोठी आणि चूल. माणसे अकरा. पुरुष सपरीत, बायका-मुले माजघरात. आम्हाला कोठी मिळाली, पण हंगामात ती धानाने भरायची. पहिल्या वर्षात आम्ही एकमेकांशी सलग दहा मिनिटे बोललो असू तर ते गोंदियाच्या बाजाराला जाताना एसटीत. हे तक्रार म्हणून सांगत नाही. त्या माजघरात सौ.ला आजारपणात पाच बायकांचे हात मिळाले. पण त्या पाच बायकांपैकी एकीलाही स्वतःच्या नवऱ्याशी मोठ्याने बोलण्याची मुभा नव्हती, हेही खरे.

आणि हे फक्त गरिबाघरी होते असे समजू नका. न्यायमूर्ती रानडे म्हणजे मुंबई इलाख्यातला केवढा मोठा माणूस. १८७३ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. रमाबाई अकरा वर्षांच्या. पुण्याच्या एकत्र कुटुंबात ते त्यांना रात्री शिकवायचे. दिवसा शक्य नव्हते. घरातल्या बायकांना ते खपत नसे आणि त्याची किंमत रमाबाईंनी दिवसभर टोमण्यांत चुकवली, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मग रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि बिऱ्हाड वेगळे झाले. पुढे न्यायाधीश म्हणून ते जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरत, तेव्हा रमाबाई त्यांच्याबरोबर मुक्काम करत फिरल्या. त्या आठवणींची ही पाने वाचताना असे वाटते की मराठी जोडप्याला पहिला एकांत दिला तो सरकारी बदलीने! पुढे रेल्वे, पोस्ट, शिक्षण खाते. नवरा नोकरीवर गेला, मागून बायको गेली, आणि दोन खोल्यांचे बिऱ्हाड मांडले गेले.

पण थांबा. एकांत म्हणजे चांगलेच, असे आम्ही म्हणत नाही. त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला चालला. दादाजी भिकाजी या नवऱ्याने १८८४ साली कोर्टात मागणी केली की बायकोने माझ्या घरी नांदायला यावे. लहानपणी लावलेले लग्न, तिची संमती कोणी विचारलेली नाही. मार्च १८८७ मध्ये निकाल झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ साली दादाजीने पैसे घेऊन तडजोड केली. बाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. दोघांच्या खोलीचा इतिहास सांगताना ही केस वगळली तर तो इतिहास नव्हे, जाहिरात होते. दाराला कडी आहे हे पुरत नाही. ती उघडून बाहेर पडता येते का, हेही विचारावे लागते.

आता मुंबईच्या हॉटेलांकडे. वॉटसन्स हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम तिथे दाखवली गेली. ही इमारत काळा घोड्याजवळ आजही उभी आहे, मोडकळीला आलेली. आम्ही दोघे तिच्यासमोर बराच वेळ उभे होतो. तिथे जमशेटजी टाटांना आत घेतले नाही म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट सर्वजण सांगतात. छान गोष्ट आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले, पहिल्या दिवशी पाहुणे सतरा. मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे सीताराम खंडेराव वैद्य. ताजचा आराखडा त्यांचा, डी. एन. मिर्झा यांच्यासह. काम पुरे होण्याआधीच वैद्य वारले आणि चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेले.

त्या काळात मराठी माणूस मुंबईला उतरायचा तो असल्या ठिकाणी नव्हे. लोकमान्य टिळक उतरत ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. तिथेच १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला. कोर्टाचे काम, सभा, व्यापार यासाठी आलेले पुरुष अशा ठिकाणी राहायचे. बायको घरी.

आणि ताजमधल्या खोल्यांत सगळे सुखच नांदले असेही नाही. सर दिनशा पेटिटांची मुलगी रत्ती हिने १९१८ मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून बॅरिस्टर जिनांशी लग्न केले. दहा वर्षांनी ती त्यांचे घर सोडून ताजमध्ये राहायला गेली. २० फेब्रुवारी १९२९ रोजी, आपल्या २९ व्या वाढदिवशी ती गेली. हॉटेलची खोली प्रेमासाठीच घेतली जाते असे नाही, प्रेम संपल्यावरही घेतली जाते.

स्वातंत्र्यानंतरची मुंबई तुम्हाला चित्रपटांतून माहीत आहे. १९६७ मध्ये राजदत्तांचा ‘मधुचंद्र’ आला. ‘मधुचंद्र’ हा शब्दही इंग्रजीवरून घडवलेला. आपल्याकडे मध होता, चंद्र होता, दोघे एकत्र आणावेत असे कोणाला सुचले नव्हते. १९७० मध्ये राजा ठाकूरांचा ‘मुंबईचा जावई’ आला. चाळीतले घर, त्यात भरलेले कुटुंब आणि नवे जोडपे. त्यावरूनच १९७२ मध्ये बासू चटर्जींनी हिंदीत ‘पिया का घर’ केला. लोक खूप हसले. आम्ही नागपूरला शिकताना पाहिला तेव्हा आम्हीही हसलो. चार वर्षांनी आपली पाळी आहे हे माहीत नव्हते.

‘बुटीक हॉटेल’ या शब्दाची कथा लहान आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर यांनी मॉर्गन्स नावाचे हॉटेल काढले. मोठी हॉटेले म्हणजे सगळे मिळणारे प्रचंड दुकान, आमचे म्हणजे निवडक मालाचे छोटे दुकान, अशी रुबेलची तुलना होती. तो शब्द चालला. म्हणजे गर्दीला कंटाळलेल्या श्रीमंत शहरात थोडेपणा विकायला निघाला. आपल्याकडे तो आला तो जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत. गंमत बघा, ज्या जुन्या घरात एकेकाळी वीस माणसांत जोडप्याला कोपरा मिळत नसेल, त्याच घरात आज जोडप्याला अख्खी खोली भाड्याने मिळते.

आमच्या त्या दोन रात्रींचे सांगायचे तर बिछाना वात्स्यायनाला आवडला असता. न्हाणीघर आमच्या माजघराएवढे. पहिल्या रात्री झोप मात्र लागेना. बऱ्याच वेळाने सौ. म्हणाल्या, “अहो, कोणी खोकत नाही हो इथे.” तेच कारण होते. मग उठून बसलो आणि पहाटेपर्यंत बोललो. कोठीतल्या धानाच्या पोत्यांवरून, गेलेल्या माणसांवरून, आणि ४८ वर्षे न बोललेल्या एकदोन गोष्टींवरून. त्या इथे सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशीचे मात्र सांगायला हवे. खाली काउंटरवर आमच्यापुढे एक तरुण जोडपे उभे होते. आरक्षण केलेले, हातात आधार कार्डे. काउंटरवरच्या मुलाने पत्ते पाहिले, दोन्ही मुंबईचेच, आणि म्हणाला, “लोकल आयडी चालत नाही.” आडनावे वेगळी आहेत, हेही त्याने मोठ्याने म्हटले. मुलीची मान खाली गेली. मुलगा काहीतरी बोलू लागला, मग दोघे बॅग उचलून निघून गेले. ते विवाहित होते की नव्हते, आम्हाला माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही. दोन सज्ञान माणसांनी खोली घेऊ नये असा कायदा या देशात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अविवाहित जोडप्यांच्या बाबतीतही हे स्पष्ट सांगितले आहे. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही ऑगस्ट २०१५ मध्ये याच मुंबईत, मढ आणि अक्साच्या हॉटेलांतून पोलिसांनी कितीतरी जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढले होते, काहींच्या घरी फोन केले होते, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. तेव्हा आम्ही वर्गात त्यावर तासभर बोललोही होतो.

पण त्या काउंटरपाशी, पाच हातांवर ते घडताना, आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेला हा माणूस गप्प राहिला. आमची आडनावे एक, पत्ता गोंदिया जिल्ह्याचा, केस पांढरे. आमची कार्डे त्या मुलाने नीट पाहिलीसुद्धा नव्हती. खोलीत आल्यावर सौ. म्हणाल्या, “तुम्ही काही बोलला नाहीत.” आम्ही म्हणालो, आपला काय संबंध. त्या म्हणाल्या, “कोठीच्या दाराशी तुमच्या आत्याबाई बसून असायच्या, तेव्हाही सगळे असेच म्हणत होते.”

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

वैशाखात आमच्या पुतण्याच्या मुलाचे लग्न आहे. घरात खोल्या तीन, पाहुणे किती येतील ते देवाला ठाऊक. कोणी कुठे झोपायचे यावर परवा रात्री बैठक झाली. एक म्हणाला, नव्या जोडप्याला आठ दिवस माजघरात चालवून घ्यावे लागेल. सौ.ने सांगून टाकले की आमची खोली त्यांची, आम्ही दोघे सपरीत झोपू. त्या खोलीची कडी गंजलेली आहे, नीट बसत नाही. लोहाराला सांगितले आहे. तो उद्या येतो म्हणाला आहे.