२ ऑगस्ट १९३२ चें एक पत्र व दुइंजिनी प्रवासी विमानाचा उगम

अस्सल पत्राचें मोल संशोधकांस सांगावयास नको. परंतु पत्रांत जें मागितलें तेंच पुढें घडलें, असें गृहीत धरणें घातुक होय. विमानविद्येच्या इतिहासांतील एक पत्र या दृष्टीनें विचारार्थ घेतों.

३१ मार्च १९३१ रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें तीन इंजिनांचें फोकर विमान कोसळून आंतील आठहि माणसें दगावलीं. त्याचा पंख लांकडी होता. त्यामुळें सर्वस्वी धातूच्या विमानाची निकड भासूं लागली. बोईंग कारखान्यांत २४७ या नांवाचें दहा उतारूंचें दुइंजिनी धातुविमान सिद्ध होत होतें. पण पहिलीं साठ विमानें युनायटेड कंपनीसाठीं राखलेलीं होतीं. तेव्हां टी. डब्ल्यू. ए. चे अधिकारी जॅक फ्राय यांनीं २ ऑगस्ट १९३२ रोजीं डोनाल्ड डग्लस यांस पत्र धाडलें. मागणी अशी कीं, विमान धातूचें असावें, उतारू निदान बारा बसावे, इंजिनें तीन असावीं. आणि त्यांपैकीं कोणतींहि दोन चालू असतां पूर्ण भारासह कंपनीच्या कोणत्याहि तळावरून उड्डाण साधावें.

केवळ या पत्रावर विसंबणारा लेखक तीन इंजिनांचें विमान झालें असेंच लिहील. डग्लस यांचा जबाब मात्र दोन इंजिनांचा होता. त्यामुळें कसोटी अधिकच कठीण झाली. एक इंजिन थांबलें असतां उरलेल्या एकावर सारें साधावयाचें. ‘डी. सी. १’ हें विमान १ जुलै १९३३ रोजीं प्रथम उडालें. त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ५००० फूट उंचीवरील विन्स्लो येथून तें एकाच इंजिनाच्या बळावर आल्बुकर्कीस पोंचलें. या नमुन्याचें विमान एकच झालें. पण त्यावरून चौदा उतारूंचें ‘डी. सी. २’ निघालें. ऑक्टोबर १९३४ च्या लंडन-मेलबर्न शर्यतींत ‘ऊयफर’ हें डच कंपनीचें डी. सी. २ विमान टपाल व उतारू घेऊन, अलाहाबादेचा मुक्काम करून, दुसरें आलें. बोईंग २४७ तिसरें आलें.

डग्लस यांनीं फ्राय यांच्या पत्रास आपल्या विमानांचा जन्मदाखलाच म्हटलें आहे. तें गरजेपुरतें खरें; आकार मात्र जबाबानें व कसोटीनें ठरला. मागणीचें पत्र इच्छेचें प्रमाण होय, घटनेचें नव्हे. आपल्या दप्तरांतील मागणीपत्रें वाचतांनाहि त्यांच्या जबाबाचा शोध प्रथम करावा, असें आम्हांस वाटतें.